वल्लरीची लांबणीवरची अमेरिका

आपल्या मुलीला अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलमध्ये जायचंय, एवढं प्रभाकर कर्णिकांना समजलं होतं. प्रवेश आत्ता याच वर्षी मिळू शकतो, हेही समजलं होतं. पण प्रवेश मिळाल्यावर दोन वर्षं तिकडे फिरकायचं नाही, इथंच कुठेतरी नोकरी करायची आणि मग जायचं, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना.

"म्हणजे पास होऊन घरी बसायचं," ते म्हणाले.

"घरी नाही बाबा, नोकरी करायची. त्यांना अनुभव हवा असतो."

"मग अनुभव घेऊन अर्ज कर. आत्ता कशाला?"

"आत्ता केला तर जागा राखून ठेवतात."

प्रभाकररावांनी चष्मा काढून पुसला. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला राखीव जागा माहीत नव्हती असं नाही. पण जी जागा आहे, जिच्यावर कोणी बसलेलं नाही आणि जी आपली आहे, अशी जागा त्यांनी फक्त एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालाखाली पाहिली होती.

ही हकीकत शहाण्णव सालची. वल्लरी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. स्वभाव मुळात स्वप्नाळू, पण स्वप्नं सगळी आकड्यांची. चक्रवाढ व्याजाचा तक्ता पाहिला की बाकीच्या मुलींना मोगऱ्याच्या वासानं होतं तसं तिला काहीतरी होई. मुंबईच्या एका वाचनालयात तिला त्या विद्यापीठाची जाड, गुळगुळीत पुस्तिका सापडली होती. तीत एका पानावर लाल विटांची इमारत, पुढे हिरवळ, आणि हिरवळीवर पिवळी पानं पडलेली. ती पानं कोणी झाडत कसं नाही, असं तिच्या आईला, म्हणजे आशालताबाईंना वाटलं होतं. वल्लरी मात्र त्या पानांवरून रोज चालत होती. वडाळे तलावाच्या काठानं कॉलेजला जाताना समोर म्हशी डुंबत असत आणि ही लांब कोट घालून, हातात पुस्तकं धरून, लाल इमारतीच्या पायऱ्या चढत असे. तीन वर्षांची पदवी चालेल का, असं तिनं पत्रानं विचारलं होतं. चालेल, असं उत्तर आलं होतं. त्या 'चालेल'ला तिनं प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं.

अर्ज पोस्टात टाकायची शेवटची तारीख होती पंधरा एप्रिल. अर्जासोबत डॉलरचा ड्राफ्ट हवा होता. त्यासाठी ती बँकेत गेली. खिडकीतल्या गृहस्थांनी एक फॉर्म पुढे सरकवला.

"प्रवासाची तारीख?"

"ऑगस्ट अठ्ठ्याण्णव."

गृहस्थांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आज फेब्रुवारी शहाण्णव आहे."

"हो."

"मग ऑगस्ट अठ्ठ्याण्णवच्या सुमारास या."

वल्लरीनं शांतपणे सगळं समजावून सांगितलं. गृहस्थांनी तितक्याच शांतपणे ऐकून घेतलं, शेजारच्या टेबलावरच्या बाईंना ऐकवलं, त्यांनी आतल्या साहेबांना ऐकवलं, आणि चौथ्या खेपेला, प्रवासाच्या रकान्यात 'प्रवास नाही' असं लिहून, ड्राफ्ट मिळाला. तोवर वल्लरी त्या शाखेत 'न जाणारी मुलगी' म्हणून प्रसिद्ध झाली होती.

बिल्डिंगमध्येही बातमी पोचलीच. उरण नाक्यापासून आत, तीन मजली 'सुखनिवास' सोसायटीत कर्णिक दुसऱ्या मजल्यावर राहत. समोरच्या दारात सोसायटीचे सेक्रेटरी दीनानाथ जोगळेकर. निवृत्त हेडक्लार्क, शुद्ध शाकाहारी, आणि इंग्रजी अर्ज लिहून देण्यात सगळ्या आळीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते सल्ला द्यायला स्वतःहून आले आणि आरामखुर्चीत बसले.

"हे साखरपुड्यासारखं आहे, प्रभाकरपंत. साखरपुडा आत्ता, लग्न दोन वर्षांनी. एवढंच बघा की मधल्या काळात मुलाकडच्यांचं मन बदलत नाही."

"लेखी देतात ते, काका," वल्लरी म्हणाली.

"लेखी तर आमच्या पुतणीला पण दिलं होतं," दीनानाथ म्हणाले आणि चहाची वाट पाहू लागले.

दोन शिफारसपत्रं हवी होती. पहिलं कॉलेजातल्या कमलाकर सबनीससरांचं. ते अकाउंट्स शिकवत आणि वल्लरीवर त्यांचा जीव होता. फॉर्ममध्ये 'विद्यार्थिनीतले दोष' असा रकाना होता. तो पाहून सर दुखावले. "मी माझ्या विद्यार्थिनीची परदेशात बदनामी करणार नाही," असं म्हणून त्यांनी रकान्यावर उभी रेघ मारली. रिकामं सोडलं तर अर्ज अपुरा धरतील, असं वल्लरीनं अजिजीनं सांगितलं. तेव्हा सरांनी दोन दिवस विचार केला आणि रेघेच्या बाजूला लिहिलं, की वर्गात कधीकधी खिडकीबाहेर बघते. वल्लरीला ते वाचून फार लागलं. आपण खिडकीबाहेर बघत होतो हे सरांना कळत होतं, याचं तिला नवल वाटलं. आपल्याला वाटत होतं आपण अमेरिकेत आहोत आणि सरांना आपण दिसतही नाही.

पण खरी अडचण निबंधाची होती. 'तुम्ही लोकांचं नेतृत्व केलं असा एक प्रसंग लिहा.' आणि दुसरं शिफारसपत्र हवं होतं ते या प्रसंगाच्या साक्षीदाराचं. वल्लरीनं आयुष्यात एकदाच नेतृत्व केलं होतं. पाचवीत ती तीन आठवडे मॉनिटर होती. नंतर बाईंनी मॉनिटर बदलला.

म्हणजे नेतृत्व आता करायला हवं होतं, आणि मार्च उजाडला होता.

ते मंगळवारी दुपारी दारात येऊन बसलं. चंद्रावती म्हात्रे दर मंगळवारी उरणजवळच्या मोऱ्याहून सुकी मासळी घेऊन येत असे. पन्नाशीची, सणसणीत, कपाळावर मोठं कुंकू. पाटी उतरवून, वाळवलेली कोलंबी दाखवत ती आशालताबाईंना सांगत होती, "वैनी, सोडे आता घ्या. जूनला भाव इचारू नका. जूनला मी पन मना परवडत नाय."

वल्लरी आतून हे ऐकत होती. तिच्या समोर पुस्तक उघडं होतं आणि पुस्तकात वायदेबाजाराचा धडा होता. अमेरिकेतले शेतकरी गहू पेरतानाच विकून टाकतात, भाव आज ठरतो आणि माल नंतर पोचतो. बाहेर चंद्रावती बोंबील मोजत होती. वल्लरीच्या अंगावर काटा आला. शिकागोच्या गव्हाच्या कोठारांमधून एक सोनेरी वारा निघाला आणि सुखनिवासच्या जिन्यात सोड्यांच्या पाटीपाशी येऊन थांबला, असं काहीसं तिला झालं.

ती बाहेर आली. "मावशी, बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी मिळून पावसाळ्याचा माल आत्ताच तुमच्याकडे सांगून ठेवला तर? भाव आजचा. तुम्हाला दारोदार फिरायला नको, आम्हाला जूनचा भाव नको."

चंद्रावतीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "ही तुजी पोर काय शिकते, वैनी?"

"ते तिलाच विचार," आशालताबाई म्हणाल्या.

"नक्की घेतील? नायतर माज्या गल्यात पडंल."

"मी घेते जबाबदारी," वल्लरी म्हणाली. हे वाक्य निबंधात घालता येईल, हे तिच्या बोलतानाच लक्षात आलं, आणि म्हणून तिनं ते जरा ठासून म्हटलं.

चार दिवस ती वही घेऊन घरोघर फिरली. आपल्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधून चौदा घरांनी नावं दिली. चौदावं नाव तिला गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरीच्या आडून मिळालं. चारुता, म्हणजे दीनानाथकाकांची सून. माहेर अलिबागचं. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती.

"अर्धा किलो सोडे," चारुता हलक्या आवाजात म्हणाली. "पण ते तुमच्याकडेच राहू देत. मी दुपारची येऊन खाईन."

वल्लरीनं यादी चंद्रावतीला पोचती केली आणि पुढच्या मंगळवारी सकाळी बिल्डिंगखाली टेम्पो थांबला. वल्लरी तेव्हा निबंधाचं पहिलं वाक्य लिहीत होती. 'वयाच्या एकविसाव्या वर्षी मी एक बाजार उभा केला.' मग दार वाजलं आणि बाजार आत आला. एकामागून एक नऊ गोणी.

"मावशी, माल जूनमध्ये द्यायचा होता," वल्लरी म्हणाली.

"पैसं जूनला दे, मना काय घाई नाय. पन माल तुमचा झाला ना? मग तुमच्या घरात." चंद्रावतीनं पदरानं घाम पुसला. "माजं घर शाकारायला काढलंय. ठेवू कुटं? तू सांगितलं नवतंस का, मी जबाबदारी घेते?"

सांगितलं होतं, ठासून. गच्चीची किल्ली दीनानाथांकडे होती आणि तिथे मासळी ठेवायची परवानगी मागण्यात अर्थ नव्हता. दोन खोल्यांच्या घरात नऊ गोणी बसल्या त्या वल्लरीच्या टेबलाभोवती. प्रभाकरराव संध्याकाळी घरी आले, दारात थांबले, परत खाली गेले आणि बिल्डिंगवरचं नाव वाचून वर आले.

वास हा पदार्थ विलक्षण असतो. घरातल्या माणसांना तो तिसऱ्या दिवशी येईनासा होतो आणि बाहेरच्यांना तिसऱ्या दिवसापासून फक्त तोच येतो. वल्लरी बसमध्ये बसली की शेजारची जागा रिकामी राही. सबनीससर तास घेता घेता खिडक्या उघडू लागले. आळीतल्या मांजरींनी दुसऱ्या मजल्यावर मुक्काम हलवला. त्यांची संख्या अकरावर गेली. त्या भांडत नसत, काही मागत नसत, नुसत्या जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीनं डोळे मिटून बसत. वल्लरीला त्यांच्याविषयी आपुलकी वाटू लागली होती. त्याही तिच्यासारख्याच दाराबाहेर बसून आतली स्वप्नं पाहत होत्या.

शुक्रवारी नोटीस लागली. टाइप केलेली, खाली दीनानाथांची सही. 'सोसायटीच्या आवारात विनापरवाना मत्स्यसाठा केल्याबाबत विचार करण्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा.'

रविवारी सकाळी पार्किंगच्या जागेत खुर्च्या मांडल्या. प्रभाकरराव शेवटच्या रांगेत बसले. आयुष्यात त्यांच्या नावाची नोटीस कधी निघाली नव्हती. चंद्रावतीलाही बोलावणं गेलं होतं. ती एका बाजूला मांडी घालून जमिनीवर बसली. दीनानाथांनी प्रस्तावना केली. तीत आरोग्य, शिस्त, भावी पिढी आणि मांजरी असे मुद्दे होते.

"कुमारी वल्लरीला खुलासा करायचा असल्यास करावा," ते म्हणाले.

वल्लरी उठली. तिनं वायद्याचा व्यवहार समजावून सांगायला सुरुवात केली, पण शिकागोपर्यंत पोचण्याआधीच दीनानाथांनी हात वर केला.

"हा माल नक्की कोणाचा? तुझा?"

"नाही काका, चौदा घरांचा आहे."

"कोणती घरं? नावं वाच."

वल्लरीनं वही उघडली. गुप्ते, पाच किलो जवळा. राऊत, दहा किलो बोंबील. ती वाचत गेली आणि ज्यांची नावं आली त्या बायका मान वर करून बसल्या, कारण आपलंच मागवलेलं होतं, त्यात लाज कसली. मग ती शेवटच्या ओळीवर आली. चारुता दुसऱ्या रांगेत बसली होती. तिनं मांडीवरचा रुमाल दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि ती समोरच्या स्कूटरच्या चाकाकडे बघत होती.

वल्लरीनं वही मिटली.

"तेरा झाली," दीनानाथ म्हणाले. हेडक्लार्कच तो. "तू चौदा म्हणालीस."

"माझी मोजण्यात चूक झाली."

"तुझी?" मागून प्रभाकररावांच्या तोंडून निघून गेलं.

"हो. तेराच आहेत." तिचे कान लाल झाले होते. ज्या मुलीनं दहावीला गणितात एकही गुण सोडला नव्हता, तिनं भर सभेत चौदापर्यंत मोजता येत नसल्याचं कबूल केलं. "आणि गोणी इथे आल्या हीसुद्धा माझीच चूक. माल कुठे ठेवायचा हे मी ठरवलंच नव्हतं. मावशींचं काही चुकलं नाही."

दीनानाथ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी, का कोण जाणे, दुसऱ्या रांगेकडे एकदा पाहिलं. त्यांनी कागद नीट करून टाचणी लावली.

"ज्यानं त्यानं आपापला माल आत्ताच आपापल्या घरी न्यावा," ते म्हणाले. "सभा संपली."

तासाभरात गोणी फुटल्या, वाटे झाले, आणि वास चौदा घरांत समान विभागला गेला. एकट्याचा असताना तो गुन्हा होता, सगळ्यांचा झाल्यावर हवामान झाला. अर्धा किलो सोडे कर्णिकांच्या बरणीत राहिले. बुधवारी दुपारी चारुता आली, आशालताबाईंनी केलेली सोड्यांची खिचडी दोनदा मागून घेऊन खाल्ली आणि बडीशेप चघळत समोरच्या दारात गेली.

आता साक्षीदार. वल्लरीचं नेतृत्व जवळून पाहिलेली, तिच्या नात्यात नसलेली एकच व्यक्ती होती, आणि तिला सहीपुरतंच लिहिता येत होतं. सांगेल ते इंग्रजीत उतरवून देणारं माणूसही आळीत एकच होतं. वल्लरी दोन दिवस त्या समोरच्या दारापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्या दिवशी दार उघडंच होतं.

"आण त्या बाईंना," दीनानाथ आतून म्हणाले. "तू बाहेर बस. गोपनीय असतं ते."

वल्लरी जिन्यात, उरलेल्या दोन मांजरींशेजारी बसली. दार बंद होतं, पण चंद्रावतीचा आवाज दारं मानणारा नव्हता.

"लिवा. या पोरीला मासली काय ठाव नाय. वाकटी नि बोंबील तिला सारकाच."

"हे असं लिहिता येणार नाही, बाई."

"का? खरा हाय ते. म्होरं लिवा. पन जे ठाव नाय ते ती इचारते. लोकां झाकतात."

पानं उलटल्याचा आवाज आला. दीनानाथ शब्दकोश चाळत असावेत.

"आनि चूक अर्धी तिची नि अर्धी माजी व्हती. तिनं समदी आपल्यावर घेतली. मना असा मानूस धंद्यात मिलाला तर मी सोडनार नाय. झाला. काय लिवलंत ते वाचा."

दीनानाथांनी वाचून, मराठीत सांगितलं. शेवटी ती आज्ञाधारक असून तिचं चारित्र्य उत्तम आहे, असं एक वाक्य होतं.

"ह्ये मी नाय बोलले."

"असं लिहायची पद्धत असते."

"मंग तुमच्या पत्रात लिवा. माज्यातलं काडा."

खोडलेलं पत्र पाठवणं दीनानाथांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी सगळं पान पुन्हा टाइप केलं. चंद्रावतीनं खाली एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केली. पाकीट दहा एप्रिलला गेलं. पोस्टातल्या माणसानं ते वजनकाट्यावर ठेवलं, हुंगलं आणि आत काय आहे असं विचारलं. कागदपत्रं, असं वल्लरी म्हणाली. निबंधाचं पहिलं वाक्य तिनं बदललं होतं. आता तिथे होतं, 'मी नऊ गोणी मासळी कुठे ठेवायची हे विसरले.'

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. विद्यापीठाचे एक माजी विद्यार्थी मुंबईत फोर्टमध्ये काम करत होते, ते मुलाखत घेणार होते. प्रभाकररावांना रजा नव्हती. चंद्रावती त्या दिवशी मोऱ्याहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला जाणारच होती. "माज्यासंगं येल," ती म्हणाली. म्हणून वल्लरी पहाटेच्या एसटीनं उरणला निघाली. रस्त्यावर न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर मुंगीच्या पायांनी सरकत होते. पलीकडे मिठागरांत उजेड उतरत होता, पांढरे ढीग आधी निळे, मग गुलाबी झाले. लांबून ते बर्फासारखे दिसत. पण वल्लरीच्या लक्षात आलं, की आज पहिल्यांदाच आपल्याला बर्फ आठवायच्या आधी मीठ दिसलं.

लाँचमध्ये चंद्रावती पाटीला टेकून झोपी गेली. पाण्यावर धुरकट ऊन होतं, इंजिनाची एकसुरी धडधड चालू होती आणि मुंबई हळूहळू कोणीतरी आठवून आठवून काढल्यासारखी उमटत होती. वल्लरीनं उत्तरं पाठ केली होती. ती एकेक करून समुद्रात पडत गेली आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

मुलाखत घेणारे गृहस्थ चाळिशीचे, टाय लावलेले. केबिनमध्ये इतकी थंडी होती की लांब कोट खरंच हवा होता. त्यांनी निबंध पुढ्यात ठेवला होता.

"हा करार पुन्हा करायचा झाला तर काय बदलशील?"

"माल कुठे आणि कधी द्यायचा ते आधी लिहीन," वल्लरी म्हणाली. "आणि ज्यांच्याशी करार करायचा त्यांचं घर एकदा बघून येईन. त्यांचं शाकारायला काढलंय हे मला माहीतच नव्हतं."

"आणि दोन वर्षांनी तुला यावंसं वाटलं नाही तर?"

या प्रश्नाचं उत्तर तिनं पाठच केलं नव्हतं. "आज तर वाटतंय," ती म्हणाली. "तेव्हाचं तेव्हा खरं सांगेन."

गृहस्थांनी काहीतरी लिहून घेतलं. दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "ते सोडे मोऱ्याचेच ना? इथे मिळतील?"

जूनच्या शेवटी जाड पाकीट आलं. प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीचा मोठा भाग मिळाला होता, आणि ऑगस्ट अठ्ठ्याण्णवमध्ये हजर व्हायचं होतं. दीनानाथांनी पत्र उभ्यानं दोनदा वाचलं आणि इंग्रजी चांगलं आहे असं सांगितलं. प्रभाकरराव पेढे आणायला निघाले, जिन्यात थांबले आणि परत वर आले.

"पेढे आत्ता वाटायचे की जाशील तेव्हा?"

"आत्ता पण आणा आणि तेव्हा पण आणा," चारुता समोरच्या दारातून म्हणाली.

सगळे गेल्यावर वल्लरी स्वयंपाकघरात आली. तिला त्या लाल इमारतीच्या पायऱ्यांवर बसायचं होतं, पण पाय थकले होते म्हणून ती ओट्याला टेकली. आशालताबाई तांदूळ निवडत होत्या. गेल्या पाच महिन्यांत ड्राफ्ट, गोणी, नोटीस, मुलाखत, कशावरही त्यांनी आपलं मत दिलं नव्हतं. ताट मांडीवर घेऊन त्या तशाच बसल्या होत्या आणि बराच वेळ एकही खडा निघाला नव्हता.

"दोन वर्षं म्हणजे नक्की किती गं?" त्यांनी विचारलं.

"पंचवीस महिने, आई. जवळजवळ सव्वीस."

आशालताबाईंनी ताटातले तांदूळ एका बाजूला सारले, मग दुसऱ्या बाजूला सारले.

"चांगली माणसं दिसतात तिकडची," त्या म्हणाल्या.